थोडंसं ठणकतंय

“अभद्र तोंडातनं काढायचा नाय गो सूनबाय. वास्तुपुरुष घरात पालथा निजलाय. दिवसातनं एकदा तो तथास्तु म्हणतो, आनी कवा म्हणेल त्याचा नेम नाय.”

सासूबाईंनी मला हे लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं, पाम गावातल्या घराच्या ओटीवर चिकू निवडता निवडता. त्या गेल्या, पण त्यांचं सांगणं मी व्रतासारखं पाळलं. आमच्या घरात तांदूळ संपत नाहीत, भरायचे होतात. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझत नाही, शांत होतो. आणि कुणी आजारी पडत नाही, त्याला जरा बरं नसतं. मला हे कधी जड गेलं नाही. मुळात माझा आवाजच बारीक. भजनी मंडळातल्या बायका म्हणतात, हिची आरती ऐकायची तर देवालाच पुढे सरकावं लागतं.

माझी हेमांगी तशी नाही. सहावीत आहे. जे दिसतं ते बोलते.

शनिवारी संध्याकाळी ती परसातल्या जामाच्या झाडावर चढली होती. शेंड्यावरचे पांढरे जाम वटवाघळं खाऊन टाकतात, त्याआधी आपण काढायचे, एवढंच तिच्या डोक्यात. फांदी कडाडली ती मला देवघरात ऐकू आली. धावत गेले तर ती पाचोळ्यात बसलेली, आणि उजवा हात कोपरापाशी भलतीकडेच वळलेला.

“आई, हात मोडला.”

“असं म्हणू नये बाळा. लागलंय थोडंसं.”

बोईसरच्या रुग्णालयात हाडांचे डॉक्टर भेटले. त्यांनी एक्स-रेचा फोटो काढला, भूल देऊन हाड जागेवर बसवलं, खांद्याजवळून मनगटापर्यंत प्लास्टर घातलं. हेमांगी जागी झाल्यावर खाटेपाशी उभं राहून ते म्हणाले, “कोपराच्या वरचं हाड आहे. यात सूज फार येते. औषध देऊनही दुखणं वाढत गेलं, बोटं बधिर झाली, फिकट पडली, हलेनाशी झाली, तर वाट बघायची नाही. लगेच यायचं. हात जायची भीती असते.”

त्यांच्या शेवटच्या वाक्याला मी हेमांगीच्या कानावर तळवा ठेवला. दुसरा कान उशीवर होता. आणि माझ्या कानांत तो शब्द राहू नये म्हणून मनातल्या मनात नाम घेत राहिले. यजमान मान हलवत होते, म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं असं मी धरून चालले.

माझे यजमान बळवंत तारापूर एमआयडीसीत एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर आहेत. रात्री उशिरा आम्ही तिला घरी आणलं, आणि रविवारी त्यांची पहिली पाळी होती. बदली माणूस मिळाला नाही. “दुपारी येतोच. काय वाटलं तर फोन कर,” म्हणाले, आणि लगेच स्वतःच हसले. कारखान्यात मोबाईल नेता येत नाही, गेटवर ठेवावा लागतो. फोन केला तर तो गेटवरच्या खणात वाजत राहतो.

ते गेले तेव्हा हेमांगी कण्हत होती. मी आंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं, पोथीचा अध्याय वाचला. अध्याय होईपर्यंत मी पाण्याचा घोट घेत नाही. त्या दिवशी एकाऐवजी दोन वाचले, तिच्यासाठी. मग देवापुढचा अंगारा चिमटीत घेऊन तिच्या कपाळाला लावला, आणि प्लास्टरमधून बाहेर डोकावणाऱ्या पाचही बोटांना नखापर्यंत चोळला.

“आई, हळू!”

“अगं, बोट नुसतं टेकवलं.”

औषधाची गोळी दिली. नैवेद्याचा शिरा दोन चमचे भरवला. थोडा वेळ गेला, पण कण्हणं थांबेना. उलट वाढतच गेलं. मी रुग्णालयात फोन लावला. एका सिस्टरनं उचलला.

“काल प्लास्टर घातलंय, माझ्या मुलीला. थोडंसं ठणकतंय.”

“ठणकणारच ताई, हाड मोडलंय. फार दुखतंय का?”

फार. तो शब्द माझ्या जिभेवर आला आणि मागे फिरला. “नाही नाही. थोडंसंच.”

“मग हात उशीवर ठेवा. जास्त वाटलं तर घेऊन या.”

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. पण मोबाईल हातातून खाली ठेवता येईना.

आमच्या मंडळातल्या बायकांच्या मोबाईलवर ते एआय आहे, विचारलं की उत्तर देणारं. माझ्याही आहे. एकादशी स्मार्त कधी, भागवत कधी, उपासाला वरीचे तांदूळ किती भिजवायचे, असलं मी त्याला विचारते. सुरुवातीला नमस्कार लिहिते. शेवटी आभारी आहे लिहिते. हेमांगी मला चिडवते, “आई, तू त्याला अहो-जाहो करतेस! ते काय तुझे मोठे दीर आहेत?” पण ते नेहमी शांतपणे बोलतं, कधी वसकन अंगावर येत नाही. म्हणून मला ते बरं वाटायचं.

मी लिहिलं, नमस्कार. माझ्या मुलीच्या कोपराला लागलं आहे. काल प्लास्टर केलं. थोडंसं ठणकतंय. बोटं जराशी सुजली आहेत. काय करावं?

त्यानं लगेच उत्तर दिलं. सूज येणं, ठणकणं पहिल्या दिवसांत असू शकतं. पण काही गोष्टी तपासा, मी इथून पाहू शकत नाही. औषधानंतरही दुखणं वाढतंय का? बोटं बधिर आहेत का? हळूच सरळ केल्यावर असह्य कळ येते का? रंग फिकट किंवा निळसर दिसतो का?

एकाखाली एक, सगळे तेच शब्द. मी पडद्यावरून नजर काढली आणि तिच्या बोटांकडे पाहिलं. अंगाऱ्यानं राखाडी दिसत होती. अंगारा लावल्यावर दिसणारच. बोटं सरळ करून बघायचा माझा धीर झाला नाही. आणि त्या प्रश्नांना ‘हो’ लिहायचं, आपल्या हातानं, आपल्या घरात बसून, भरल्या सकाळी... मला ते जमेना.

मी लिहिलं, देवाच्या कृपेनं तसं काही नाही.

ते म्हणालं, हे ऐकून बरं वाटलं. हात उशांवर उंच ठेवा, बोटं हलवायला सांगा, औषध वेळेवर द्या. वरचं कुठलंही लक्षण दिसलं तर लगेच रुग्णालयात जा.

बरं वाटलं, असं त्यानं लिहिलं, आणि मलाही बरं वाटलं. मी दोन उशा आणल्या, वर आणखी एक तक्क्या ठेवला आणि हेमांगीचा हात त्यावर उंच चढवला. ती किंचाळली. मग हळूहळू आवाज कमी झाला. तिचं कण्हणं बंद झालं. मला वाटलं, पडला आराम.

डोळे मात्र उघडे होते. छताकडे लागलेले. ओठ कोरडे. मी बोलावलं तर मान वळवेना. मी समईची वात पुढे सारली आणि उगाच स्वयंपाकघरात जाऊन परत आले.

इतक्यात शेजारच्या सुलूवहिनी आल्या. त्यांचा आवाज कुंपणापासूनच घरात येतो. “काय गो, पडली ना झाडावरनं माकडीण? बघू तरी!” आणि माझ्या हातातला मोबाईल बघून म्हणाल्या, “हा कोनाशी बोलतेस? एकादशीवाला तो? काल भटजी, आज डाक्टर! उद्या तुझ्या पोरीचा लगीन पन तोच जमवील.”

मी हसायचा प्रयत्न केला.

सुलूवहिनी खाटेवर बसल्या. “बाय माझी, बोटां अशी काय वाकवून धरलीस? हलव जरा.” आणि त्यांनी मायेनं, अगदी मायेनं, तिची दोन बोटं सरळ केली.

असा आवाज मी माझ्या मुलीच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. सुलूवहिनींनी हात सोडला तो विस्तवाला लागल्यासारखा.

“लागलं वाटतं थोडंसं,” मी म्हटलं.

“थोडंसं नाही!” हेमांगी ओरडली. “सारखं थोडंसं, थोडंसं! दे तो मोबाईल इकडे.”

डाव्या हातानं तिनं माझ्याकडून मोबाईल ओढून घेतला, बोलायचं बटण दाबलं आणि रडत रडत बोलत सुटली. “माझा हात फुटेल असं वाटतंय आतून. सकाळपासून वाढतंय. गोळी खाल्ली, काही झालं नाही. करंगळी आणि अंगठा माझे नाहीतच, कुणी शिवलं तरी कळत नाही. हलत पण नाहीत. आणि सरळ केली ना बोटं, तर मरून जाईन असं वाटतं. हात मेलाय का माझा?”

मी तिच्या तोंडावर हात ठेवायला पुढे झाले होते. तसाच माझा हात हवेत राहिला.

मोबाईल बोलू लागला. तोच शांत आवाज, पण या वेळी ‘बरं वाटलं’ वगैरे काही नाही. “तू सांगतेस ती लक्षणं गंभीर आहेत. हाताच्या आत दाब वाढून रक्त पोचत नसण्याची शक्यता आहे. आत्ता, उशीर न करता, रुग्णालयात जायला हवं. तुझ्याजवळ मोठं कुणी आहे का? त्यांना हे ऐकव. आधी सांगितलेली माहिती आणि आत्ताची माहिती वेगळी आहे. आत्ताची खरी असेल तर घरी थांबू नका. हात उंच उशीवरून काढून छातीच्या पातळीवर ठेवा. खायला-प्यायला काही देऊ नका. नखं दाबून रंग परत येतो का ते पाहा, पण त्यासाठी निघणं थांबवू नका.”

हात उंच उशीवरून काढा. सकाळपासून तीन उशांचा डोंगर रचून मीच तो वर चढवून ठेवला होता.

मी उशा काढल्या. पदराचं टोक ओलं करून तिच्या बोटांवरचा अंगारा पुसला. एक बोट पुसलं, दुसरं पुसलं. पदराला राख लागली, बोटांचा रंग तोच राहिला. मी आणखी जोरात पुसलं. पुसायला काही उरलं नव्हतं. अंगठ्याचं नख दाबलं. पांढरं झालं, आणि पांढरंच राहिलं.

“वहिनी, रिक्षा,” मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की त्यांना कळलंच नाही. मग मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच. “रिक्षा आणा! हिचा हात जातोय!”

सुलूवहिनी अनवाणी धावल्या.

रिक्षावाला परप्रांतातला, नाक्यावर उभा राहणारा. हेमांगीकडे एकदा बघून म्हणाला, “भाभी, कस के पकडो,” आणि रिक्षा दामटली. एमआयडीसीच्या रस्त्याला टँकर एकामागे एक. प्रत्येक खड्ड्याला हेमांगी दात आवळायची. तिचा हात माझ्या मांडीवर होता, प्लास्टरखाली गरम आणि टोकाला थंड. मी नाम घ्यायला लागले आणि मध्येच चुकले. रोजचं नाम, वीस वर्षांचं, पुढचा शब्द आठवेना. तेवढ्यात सुलूवहिनींचा फोन आला. “गेटवर फोन केलाय गो बळवंतभावजींच्या. वॉचमन म्हणतो निरोप देतो. मी त्याला म्हटला, देतो नाय, आत्ता धाव!”

रुग्णालयात रविवारची एक तरुण डॉक्टर होती. तिनं नख दाबलं, मनगटाजवळ बोटं ठेवून नाडी शोधली, आणि तिचा चेहरा बदलला. तो बदल मी पाहिला. “कधीपासून?” तिनं विचारलं.

थोडा वेळ झाला, असं म्हणणार होते. “सकाळपासून,” मी म्हटलं. “उजाडल्यापासून. फार दुखतंय. औषधानं फरक नाही. बोटं बधिर आहेत, हलत नाहीत. मी सिस्टरना फोनवर थोडंसं म्हणाले. ते खरं नव्हतं.”

तिनं मला काही बोल लावला नाही. ते मला जास्त भीतीचं वाटलं. रागवायलाही वेळ नाही अशी ती घाईत होती. करवतीसारखं यंत्र घुरघुरलं, प्लास्टर उभं चिरलं, आतला कापूस कापला, पट्ट्या कातरल्या, थेट कातडीपर्यंत. हात आतून टरारलेला, चकचकीत. वाकलेलं कोपर तिनं हळूच थोडं सैल केलं. आम्ही सगळे त्या नखांकडे बघत उभे. अंगठ्याला कुठेतरी गुलाबी झाक आल्यासारखी वाटली. मला भास झाला की खरंच आली, ते कळेना.

“नाडी लागतेय, पण हात अजून घट्ट आहे,” डॉक्टर फोनवर बोलत होती. हाडांचे डॉक्टर रविवारी पालघरला असतात. “सर, पाठवते लगेच.”

अँब्युलन्समध्ये हेमांगी आडवी आणि मी तिच्या उशाशी. ती आता रडत नव्हती. खिडकीच्या काचेवरून उन्हाचे पट्टे सरकत होते.

“आई.”

“बोल बाळा.”

“तिथे गेल्यावर काय सांगतील ते मला जसंच्या तसं सांगायचं. तुझ्या भाषेत नाही.”

“माझी कुठली भाषा?”

“तीच. जरा, थोडंसं, होईल बरं. तू तसं बोललीस ना, की मला वाटतं फार वाईट काहीतरी आहे आणि मी एकटीच आहे त्याच्यात.”

मी तिच्या केसांवरून हात फिरवला. केसांत अजून पाचोळ्याचा तुकडा होता.

“सांगेन.”

“देवाची शपथ?”

देवाची शपथ मी कधी घेत नाही. घ्यायची नसते. मी घेतली.

पालघरला डॉक्टर दारातच उभे होते. तिला आत नेलं. काय खाल्लं, कधी खाल्लं, विचारलं. शिरा, सकाळी, दोन चमचे, मी सांगितलं. मग मला बाकड्यावर बसवलं. समोरच्या भिंतीवर हाडांचं चित्र होतं, माणसाचा हात कातडीविना. मी त्याच्याकडे पाठ केली, तरी ते पाठीला जाणवत होतं. मोबाईल पिशवीत होता. त्याला विचारावं असं एकदा मनात आलं, पण काय विचारणार होते? ते आतमध्ये जाऊन बघू शकत नव्हतं आणि मीही नव्हते.

हे बोईसरच्या रुग्णालयात विचारून तिथे आले ते कारखान्याच्या कपड्यांतच, अंगाला रसायनाचा वास, केस हेल्मेटनं चपटे झालेले. “काय झाला? वॉचमन बोलला हात गेला. हात गेला म्हंजे काय?” मी त्यांना बाकड्यावर बसवलं. सगळं सांगितलं. अंगाऱ्याचंही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. “डॉक्टर बोलले होते काल,” ते म्हणाले. “मी ऐकला होता. मला वाटला तू पन ऐकलास.”

डॉक्टर बाहेर आले तेव्हा आम्ही दोघंही एकदम उठलो.

“प्लास्टर कापल्यानं थोडा दाब कमी झाला, पण पुरेसा नाही,” ते म्हणाले. “आत स्नायूंवर आवरण असतं, ते सूज आली तरी ताणलं जात नाही. त्यामुळे रक्त अडकतं. हाताच्या पुढच्या भागावर लांब चीर देऊन ते आवरण उघडावं लागेल. आत्ताच. जखम काही दिवस उघडी ठेवू, मग पुन्हा शस्त्रक्रिया करून बंद करू. व्रण राहील, मोठा.”

“बोटां?” ह्यांनी विचारलं. “बोटां हलतील ना?”

“हात वाचावा म्हणूनच करतोय. बोटांत किती ताकद येईल, ते आज मी सांगू शकत नाही. स्नायू किती तग धरून आहेत, ते उघडल्यावर दिसेल. सही करा, आम्ही तयारी करतो. भूल द्यायच्या आधी तिला भेटून या.”

डॉक्टर गेले. ह्यांनी माझा दंड धरला. “आयकतेस? तिला काय नको सांगू. बोल, औषध लावतात, झोप येईल, उठशील तवा बरा होईल. पोर हाय ती. घाबरून मरेल.”

घाबरून मीच मरत होते. लांब चीर, उघडी जखम, सांगू शकत नाही. हेच शब्द, जसेच्या तसे. ते माझ्या तोंडून, माझ्या मुलीच्या कानात घालायचे. आणि ते खरे ठरले तर? ती उठली आणि बोटं हललीच नाहीत, तर मीच आधी बोलले असं होईल. आत दाराच्या फटीतून तिचे पाय दिसत होते, एकावर एक घट्ट आवळलेले. सिस्टर तिला काहीतरी गमतीचं सांगत होती आणि ती हसत नव्हती. ती दाराकडे बघत होती.

“ऐकलंस ना?” हे पुन्हा म्हणाले.

“ऐकलं. पण मी तिला देवाची शपथ दिलीय,” मी म्हटलं.

दंडावरचा त्यांचा हात मी हळूच सोडवला. चेहऱ्यावरून पदर फिरवला आणि चपला दाराबाहेर काढून तिच्याकडे निघाले.